तीन नॉबचा साधा एसी: ऑटोमॅटिकसाठी जास्त पैसे मोजावेत का?

छोट्या हॅचबॅकच्या खालच्या आणि मधल्या व्हेरिएंटमध्ये अजूनही मॅन्युअल एसी येतो. एक नॉब तापमानाचा, एक आत हवा फेकणाऱ्या ब्लोअरचा, एक हवेच्या दिशेचा, शिवाय एसीचं बटण आणि आतली किंवा बाहेरची हवा निवडायची पट्टी. केवळ ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलसाठी, म्हणजे तापमान ठरवलं की बाकीचं आपोआप जुळवणाऱ्या एसीसाठी, वरचं व्हेरिएंट घेऊ नका. हा साधा एसी महाराष्ट्रातल्या तिन्ही ऋतूंना पुरतो, फक्त पावसाळ्यात तो नीट हाताळावा लागतो.

थंड करणारा इव्हॅपोरेटर आणि गरम करणारा हीटर कोअर डॅशबोर्डमागे एकाच डब्यात असतात. हीटर कोअरमधून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. तापमानाचा नॉब आतली एक झडप हलवतो आणि थंड झालेल्या हवेपैकी किती हवा हीटरवरून जाईल ते ठरतं. त्यामुळे अशा बहुतेक गाड्यांत नॉब निळ्यावरून मध्यावर आणल्याने इंधन वाचत नाही. थंडावा जास्त वाटला तर आधी ब्लोअर कमी करा.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात उभी राहिलेली गाडी काढताना आधी चारही काचा खाली करून मिनिट-दोन मिनिटं चालवा, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर पडते. मग काचा बंद, एसी सुरू, ब्लोअर पूर्ण आणि पट्टी आतल्या हवेवर. गाडी गार झाली की ब्लोअर दोनवर आणा. मागे एसीचे व्हेंट नसतात, ही या गाड्यांची खरी उणीव आहे. मधले दोन्ही व्हेंट छताच्या दिशेने वळवले तर मागच्यांपर्यंत थोडी तरी हवा पोचते. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साचून चालकाला जडपणा येतो.

गाडी पळताना थंड आणि सिग्नलला कोमट, ही नेहमीची तक्रार. त्यावर लगेच एसीचा गॅस (थंडावा देणारा वायू) भरून घेऊ नका. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, गॅस दाबणारा कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला वारा मिळत नाही, सगळी भिस्त त्याच्या पंख्यावर असते. आधी एसी लावून बॉनेटखालचा हा पंखा फिरतो का ते बघा, मग रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये चिखल आणि किडे अडकलेत का ते. धुताना पाण्याचा दाब कमी ठेवा, जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात.

दरवर्षी गॅस भरून देणारी पॅकेजेस अनावश्यक आहेत. गॅस बंद चक्रात फिरतो, वापरून संपत नाही. लवकर कमी झाला तर गळती आहे, ती आधी शोधायला हवी. छोट्या गाडीत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम गॅस मावतो आणि नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. जुना गॅस मशीनने काढणं, किमान २०-३० मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घेणं), मग वजनाने भरणं, हे करणारं गॅरेज निवडा. गॅस जास्त झाला तर दाब वाढतो आणि थंडावा उलट घटतो.

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा माळशेज घाटात काच धुरकट झाली की बरेच जण एसी बंद करतात. बहुतेक वेळा तिथेच चूक होते. वाफ काचेच्या आतून आहे की बाहेरून, ते आधी बोट फिरवून पाहा. आतून असेल तर ती ओल्या कपड्यांची आणि श्वासाची: एसी चालू, पट्टी बाहेरच्या हवेवर, दिशा पुढच्या काचेवर, तापमान मध्याच्याही पुढे, गरम बाजूला. इव्हॅपोरेटर हवेतलं पाणी काढून घेतो आणि हीटर तीच कोरडी हवा कोमट करतो. एसी आणि हीटर एकत्र लावायचे असतात ते याचसाठी. वाफ बाहेरून असेल तर काच जास्त गार झालेली असते. तेव्हा वायपर फिरवा, हवा काचेवरून हटवा आणि तापमान वाढवा. हा भेद कळला की घाटात ऑटोमॅटिकची उणीव भासत नाही.

याच दिवसांत कुबट वासही येतो, कारण ओल्या इव्हॅपोरेटरवर बुरशी धरते. मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. केबिन फिल्टर बहुधा ग्लव्ह बॉक्समागे असतो. दहा-पंधरा हजार किलोमीटरला, धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच बदला आणि त्यावरचा हवेचा बाण जुन्याप्रमाणेच ठेवा. डाव्या सीटपुढचं पायपुसणं भिजलेलं दिसलं तर बहुधा पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते.

थंडीत हीटरसाठी वेगळं इंधन लागत नाही, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच वापरली जाते. इंजिन तापेपर्यंत ब्लोअर बंद ठेवा, नाहीतर गार वाराच अंगावर येईल. एसी मात्र आठवड्यातून दहा मिनिटं चालवा. त्याने कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं आणि गळती रोखणारे रबरी सील ओले राहतात.

जुनी गाडी घेत असाल तर भर उन्हाळ्यातही हीटर लावून पाहा. गोडसर वास आला आणि पुढच्या काचेवर चिकट थर धरला, तर हीटर कोअर गळतोय. भाग फार महाग नसतो, पण बऱ्याच गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ती मजुरी धरूनच भाव ठरवा.