लिटमन क्लासिक ३: एमबीबीएसच्या पोरांनी घ्यावा का?

एमबीबीएसला नंबर लागला की घरात पहिली हौसेची खरेदी स्टेथोची, आणि ती बहुधा लिटमन क्लासिक ३ चीच. स्टेथो चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण ज्या सोयीसाठी साध्या देशी स्टेथोच्या कित्येक पट पैसे जातात, ती सोय बरीच मुलं इंटर्नशिप संपेपर्यंत वापरत नाहीत, कारण ती वापरायला कुणी शिकवलेलं नसतं.

ती सोय म्हणजे दाबानुसार बदलणारा डायफ्राम, म्हणजे छातीला टेकणारा पातळ पडदा. जुन्या घडणीत एका बाजूला बेल (उघडी वाटी), दुसऱ्या बाजूला डायफ्राम असतो. क्लासिक ३ ला दोन्ही बाजूंना डायफ्रामच आहे: मोठा सुमारे ४.३ सेंमी, लहान मुलांसाठीचा ३.३ सेंमी. अलगद टेकवला तर खालच्या पट्टीतले आवाज येतात, दाबून धरला तर वरच्या पट्टीतले. मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्याची) घरघर ऐकायची तर पेशंट डाव्या कुशीवर हवा आणि स्टेथो एपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) स्वतःच्या वजनाने टेकलेला हवा. जरा जोर दिला की मर्मर, म्हणजे हा जादाचा आवाज, गायब. एओर्टिक रिगर्जिटेशनला (एओर्टिक झडप गळत असेल तर) नेमकं उलट: पेशंटला बसवून पुढे वाकवा, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगा आणि स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला घट्ट दाबा. ‘सर, मर्मर नाहीये’ म्हणणाऱ्याच्या बोटांकडे आधी बघा; नखं पांढरी पडेपर्यंत दाबलेलं असतं.

खरं तर कान तयार होतात ते राउंडवर, आणि तिथेच घोळ होतो. ‘ऐकू आलं का?’ असं सरांनी विचारलं की दहाच्या दहा माना हलतात. त्यापेक्षा प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता कागदावर लिहावं: आवाज सिस्टोलमधला (हृदय आकुंचन पावतानाचा) की डायस्टोलमधला (सैल पडतानाचा), सर्वांत मोठा कुठे, श्वास घेतल्यावर वाढतो की कमी होतो. दुसऱ्या हाताची बोटं कॅरोटिडवर (मानेतल्या नाडीवर) नसतील तर पहिलं उत्तर निव्वळ अंदाज. मग चिठ्ठ्या उघडून, ज्यांचं चुकलं त्यांनी त्याच पेशंटला पुन्हा ऐकावं, अर्थात पेशंटची परवानगी घेऊन आणि त्याला दम लागत नसेल तरच.

हृदयापेक्षाही स्टेथोचा कस लागतो कॅज्युअल्टीत. कोल्हापूरच्या आजूबाजूला सगळी शेती, त्यामुळे कीटकनाशक पोटात गेलेले पेशंट इंटर्नला बघावे लागतातच. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा किती द्यायचा हे मुख्यतः छातीतले आवाज ठरवतात. प्रौढाला सुरुवातीला १ ते ३ मिग्रॅ शिरेतून, ५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट, छातीच्या दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू येईपर्यंत. सोबत नाडी आणि सिस्टॉलिक बीपी ८० च्या वर, काख कोरडी. इथे दोन चुका हमखास होतात. एक, गर्दीत फक्त पुढून ऐकलं जातं. क्रेप्स (फुप्फुसातले चरचर आवाज) राहतात पाठीमागे, खालच्या बाजूला. दुसरी जास्त घातक: उलटी फुप्फुसात गेली असेल तर एकाच जागी, बहुधा उजव्या तळाशी, क्रेप्स राहतात. ते ॲट्रोपिनने जात नाहीत. ते घालवायच्या नादात डोस वाढवत गेलं की पेशंट बरळायला लागतो, ताप चढतो, पोट फुगतं. इतक्या गोंगाटात क्लासिक ३ ची कानाला घट्ट बसणारी मऊ टोकं खरंच उपयोगी पडतात.

टोकं मात्र पुढच्या दिशेने वळलेली हवीत. उलटी घातली की आवाज अर्धाही येत नाही. कान दुखत असतील तर दोन्ही नळ्या वाकाजवळ धरून बाहेर ताणा, सैल वाटत असतील तर एकमेकींकडे दाबा. काहीच ऐकू आलं नाही तर चेस्टपीस दुसऱ्या बाजूला वळलेला असतो. फिरवा, क्लिक होतो. केसाळ छातीवरचा चरचर आवाज क्रेप्ससारखा भासतो, तिथे केस ओले करा. आणि सदऱ्यावरून तपासणं बंद करा, कितीही महागाचा स्टेथो असो.

गळ्यातल्या घामाने आणि तेलाने पीव्हीसीची नळी कडक होते, म्हणून ती कॉलरवरून घाला. प्रत्येक पेशंटनंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; पाण्यात बुडवू नका.

आता घ्यायचा कधी? २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच पेशंटशी ओळख करून देतात, हे खरं. पण तेव्हा फिजिओलॉजीत बीपी मोजण्यापुरता साधा स्टेथो पुरतो. वॉर्ड पोस्टिंग सुरू झाल्यावर क्लासिक ३ घ्या. लिटमनच्याच वरच्या मॉडेलच्या, कार्डिओलॉजी ४ च्या, मागे एमबीबीएसला लागू नका.

कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या परिसरात सर्जिकलचा माल मिळतो, पण नकली लिटमन सगळीकडे फिरतात. पक्कं बिल घ्या, चेस्टपीसच्या दांड्यावरचा सीरियल नंबर बघा. लिटमन बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीचा आरोग्य विभाग २०२४ मध्ये वेगळा होऊन सॉलव्हेंटम झाला, त्यामुळे खोक्यावर ते नाव दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. सीनियरकडून जुना घेणार असाल तर नळी वाकवून भेगा तपासा आणि कानाची टोकं नवीन बसवा.