डोस कमी करायचाय: एमए उतरवावा की केव्ही?

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण ट्यूबचा करंट, म्हणजे एमए, निम्मा केला की रुग्णाला मिळणारा किरणांचा डोसही निम्मा होतो. नॉइज, म्हणजे प्रतिमेतला रवाळपणा, मात्र साधारण 1.4 पट होतो. मूतखडा शोधताना अशी रवाळ प्रतिमा खुशाल चालते, खडा पांढराशुभ्र उठून दिसतोच. यकृतातली फिकट गाठ मात्र त्या रव्यात हरवू शकते.

अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, माझा कौल केव्ही, म्हणजे ट्यूबचं व्होल्टेज, उतरवण्याला. एमए तोच ठेवून 120 वरून 100 केव्हीवर आलं, तरी डोस सुमारे एक तृतीयांश घटतो. शिवाय किरणांची ऊर्जा शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधातल्या आयोडीनच्या के-एजच्या, म्हणजे ज्या ऊर्जेपाशी ते किरण एकदम जास्त शोषतं त्या 33 केईव्हीच्या, जवळ सरकते, त्यामुळे कॉन्ट्रास्टने भरलेली रक्तवाहिनी जास्त उजळते आणि वाढलेला नॉइज फारसा खुपत नाही. लहान मुलं, सडपातळ रुग्ण यांच्यासाठी तर 100 केव्ही वापरायलाच हवं. स्थूल रुग्णात कमी ऊर्जेचे किरण पुरेसे आरपार जात नाहीत. तिथे 120 च बरं.