गेम छापून देतो म्हणणाऱ्या एजंटने आम्हाला कसा गंडा घातला

ज्यांचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पात्रं बनून खेळायचा) लिहून, खेळून बघून झालाय आणि आता छपाईसाठी माणूस शोधणं चालू आहे त्यांनी हे जरूर वाचा. एका एजंटने आमच्या तोंडाला पानं पुसली. त्याचं नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे, आणि तसंही पुढच्या वेळी तो दुसऱ्याच नावाने येणार.

आमचा गेम मॉन्स्टरच्या शिकारीचा. चार-पाच हंटर, एक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. यात मारामारी सगळ्यात शेवटी येते, आधी माग काढायचा, ठसे, अर्धवट खाल्लेली गुरं, लोकांनी सांगितलेल्या खऱ्याखोट्या गोष्टी, यातून मॉन्स्टरची कमजोरी शोधायची आणि न शोधता भिडलात तर बहुतेक मरताच. त्यामुळे पुस्तकात प्रत्येक मॉन्स्टरला समोरासमोरची दोन पानं दिलीत, डावीकडे चित्र आणि खुणा, उजवीकडे आकडे आणि कमजोरी. खेळताना गेम मास्टरला दोन्ही पानं एकदम दिसली पाहिजेत, म्हणजे पुस्तक टेबलावर सपाट पडलं पाहिजे, म्हणजे शिवण बांधणीच हवी, नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक सारखं मिटतं. सोबत खुणांची कार्डं, गेम मास्टरची स्क्रीन (त्याचे कागद लपवणारा आडोसा) आणि वीस बाजूंचा एक फासा, ज्यावर 20 च्या जागी पंजा.

पैसे किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करायच्या साइटवर, उभे केले. तिथे टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे मिळतात, त्यातून प्लॅटफॉर्मचे 5 टक्के आणि वर पेमेंटचा खर्च कापला जातो, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना वस्तू पोचवायची जबाबदारी पूर्णपणे गेम बनवणाऱ्याची. प्लॅटफॉर्म स्वतः रिफंड देत नाही. आणि किती रक्कम जमली ते सगळ्या जगाला दिसतं, हे असले लोक नेमकं तेच बघत बसलेले असतात. कॅम्पेन संपल्या संपल्या याचा मेल, छपाई, फासे, बॉक्स, शिपिंग सगळं एका छताखाली, बरोबर आधी केलेल्या गेम्सच्या फोटोंचं एक झकास पान.

आता खरी मेख सांगतो. हा माणूस कशालाच नाही म्हणाला नाही, आणि त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आमचं पुस्तक 212 पानांचं होतं. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या मोठ्या छपाईत, पुस्तक साधारण 16 पानांच्या फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या पानांत) छापतात, 212 ला 16 ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे खरा प्रिंटर पहिल्याच उत्तरात म्हणतो की 208 करा नाहीतर 224. तो कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा, ते विचारतो कारण त्यावर कण्याची जाडी ठरते, कडेला 3 मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी सोडलेली जादा छपाई) आहे का बघतो, चित्रं आरजीबीत, म्हणजे छपाईच्या नाही तर स्क्रीनच्या रंगांत, पाठवलीत म्हणून ओरडतो, बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईऐवजी चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात टाकलीत म्हणून परत पाठवतो. वैताग येतो अक्षरशः. या एजंटकडून मात्र दर वेळी 'फाइल परफेक्ट आहे, काळजी नको'. ज्याला छापायचंच नाही त्याला कसली अडचण येणार.

मग सॅम्पल आलं आणि सॅम्पल खरंच सुंदर होतं, इथेच लोक गाफील होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुस्तक सपाट उघडत होतं, शिवण होती. पण छपाईतल्या एका ओळखीच्याने नंतर भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडेला टोनरचे बारीक कण उडालेले, पान तिरकं केलं की काळा भाग चमकतो, म्हणजे डिजिटल मशीनवर एक प्रत काढून हाताने शिवलेली. आता एक प्रत डिजिटलवर काढणं हा काही गुन्हा नाही, चांगले प्रिंटरही तशी डमी, म्हणजे नमुना प्रत, देतात, फक्त ते तसं सांगतात. हा म्हणत होता प्लेट तयार आहेत आणि ही प्रत ऑफसेट मशीनवरून उतरलेली आहे.

फासा तर त्याहून भारी. वीस बाजूंच्या नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज 21 येते, 20 च्या पाठीमागे 1. आम्हाला आलेल्या फाशावर पंजाच्या शेजारीच 19, त्याला लागून 18, असे आकडे ओळीने उतरत गेलेले. हा कार्ड गेममध्ये लाइफ मोजायचा काउंटडाउन फासा, बाजारातून तयार उचलून एका बाजूवर पंजा चिकटवलेला! रोलप्लेइंग गेमचे फासे बनवणारा हे कधीच करणार नाही.

पैशांचं गणित असं. सहसा 30 टक्के आगाऊ आणि बाकीचे माल तयार झाल्यावर, तपासणी करून, शिपिंगच्या आधी. याने निम्मे आधी घेतले, मग चिनी नववर्षाची सुट्टी आली. ती सुट्टी खरीच असते, चीनमधले कारखाने बरेच दिवस बंद राहतात आणि स्लॉटसाठी आधी धावपळ होते, त्यामुळे 'आत्ता सगळे भरा नाहीतर नंबर मागे जाईल' हे कोणालाही पटेल असंच होतं. इनव्हॉइस कंपनीच्या नावाने, खातं मात्र एका व्यक्तीचं आणि तेही तिसऱ्याच देशात. विचारलं तर म्हणे ऑडिट चालू आहे. पैसे बँक ट्रान्सफरने गेले. कार्डाने दिले असते तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता, ट्रान्सफर एकदा समोरच्याने काढून घेतली की बँक फक्त पत्रं पाठवत बसते.

शेवटी त्याने बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, पाठवलं, शिक्का, सही, कंटेनर नंबर, सगळं. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक, आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून हिशोबाने येतो. आमच्या टीममध्ये एकाला असल्या गोष्टींचा नाद, त्याने हिशोब केला तर शेवटचा अंक जुळेना. शिपिंग कंपनीच्या ट्रॅकिंगवरही असा कंटेनरच नाही. मग फोटोतल्या कारखान्याला थेट मेल टाकला, त्यांचं उत्तर आलं की या माणसाने मागे कधीतरी फक्त भाव विचारला होता, ऑर्डर कसलीच नाही. तोवर हा पठ्ठ्या हातावर तुरी देऊन पसार.

पैसे भरलेल्या सगळ्यांना आम्ही पीडीएफ दिली आणि काय झालं ते स्पष्ट लिहून कळवलं, काहींनी शिव्या घातल्या, ते बरोबरच आहे. पुस्तक आता एका प्रिंटरकडे थेट दिलंय, 208 पानांत बसवून, बॉक्स रद्द केला, फाशाच्या साच्याचं बोलणं अजून चालू आहे.

आणि हो, ते फोटोंचं झकास पान अजून चालू आहे, फक्त वरचं नाव बदललंय. त्यात आता आमच्या गेमचाही फोटो आहे, त्याच एकुलत्या सॅम्पलचा, खाली लिहिलंय वेळेत पूर्ण केलेलं काम. त्या पानावरच्या आणखी दोन गेमवाल्यांना आम्ही विचारलं, त्यांनी या माणसाचं नावही ऐकलेलं नाही. तुम्हाला कोणी असं पान पाठवलं तर त्यातल्या गेमवाल्यांना स्वतः शोधून मेल करा, एजंटने दिलेल्या पत्त्यावर नको. आम्हाला विचारलंत तर सगळी कागदपत्रं दाखवू.