रत्नागिरीतील उन्हाळी बास्केटबॉल शिबिर: वही, वारा आणि शॉटची निवड

दहावीत जाणारी माझी मुलगी यंदा मे महिन्यात रत्नागिरीतील एका बास्केटबॉल शिबिराला दहा दिवस गेली होती. ड्रिबलिंग आणि पासिंग इतरत्र शिकवतात तसेच तेथेही शिकवतात. वेगळेपण आहे ते प्रत्येक मुलाला मिळणाऱ्या वहीत, जिच्यात मैदानावरील पाच ठरलेल्या जागांवरून टाकलेले आणि पडलेले शॉट रोज लिहावे लागतात.

या नोंदींवरून प्रत्येक जागेचे अपेक्षित मूल्य काढता येते: शॉट पडण्याची शक्यता आणि त्याचे गुण यांचा गुणाकार. मुलीची आवडती जागा तीन गुणांच्या रेषेच्या पाऊलभर आत, म्हणजे दोनच गुण मिळतात तेथे होती. तेथून तिचे शंभरात चाळीस शॉट पडत, म्हणजे दर प्रयत्नाला ०.८ गुण. रेषेबाहेरून शंभरात तीसच पडत, तरी हिशेब ०.९ होई, रिंगजवळच्या ले-अपचे साठ टक्के धरले तर १.२. ही रेषा समोरून ६.७५ मीटरवर असली तरी कोपऱ्यात ६.६० मीटरवर येते, हेही तिने तेव्हाच टेपने मोजून पाहिले. आवडता शॉट तोट्याचा आहे हे माझ्या सांगण्याने तिला पटले नसते. स्वतःच्या अक्षरातील आकड्यांनी पटले.

मला सर्वांत आवडले ते सकाळ आणि संध्याकाळ यांचे स्वतंत्र रकाने. मैदान उघडे आहे आणि समुद्र जवळ. भल्या सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंदावलेला असताना पडणारे लांबचे शॉट संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात भरकटत. शंभरात वीसच पडू लागले की मूल्य ०.६ वर येते आणि मग आत घुसण्यातच शहाणपण असते.

उणीव मात्र मोठी आहे. सारे आकडे समोर कोणी अडवत नसताना घेतलेले आहेत. आत घुसताना फाउल झाल्यास मिळणाऱ्या, प्रत्येकी एका गुणाच्या दोन फ्री थ्रोंचा हिशेब वहीत नाही. साठ टक्के अचूकतेने तेही १.२ गुण होतात. शेवटच्या दिवशीच्या सामन्यात तर मुलीने ‘०.८ चा आहे’ म्हणून मोकळा शॉट सोडला, चेंडू परत फिरवला आणि शॉट टाकण्यासाठी संघाला मिळणारे चोवीस सेकंद संपले. घड्याळात दोन सेकंद उरल्यावर तुलना १.२ शी नसून शून्याशी असते, हे कोणी शिकवले नव्हते.

पुढच्या वर्षीही तिला पाठवणार आहे. अडवणारा खेळाडू समोर असताना टाकलेल्या शॉटसाठी तिसरा रकाना ठेवावा, अशी लेखी विनंती मी आयोजकांना केली आहे.