३०० चिप्सचा पोकर सेट: चिप्स एक नंबर, पण शोडाउनला (शेवटी पानं उघडताना) पत्ते दगा देतात

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खेळण्यांच्या दुकानातनं ३०० चिप्सचा सेट घेतला, पेटीसकट २५०० च्या आसपास पडला. आमच्यात घरातलीच माणसं खेळतात, चुलतभाऊ, दाजी, शेजारचे काका, आणि पैसे अजिबात लावत नाही, नुसत्या चिप्स. घेणाऱ्यांनी पण तेवढं पाळा, आपल्याकडं जुगाराचा कायदा १८८७ पासनं आहे.

चिप्स लय भारी. ११.५ ग्रॅमच्या आहेत, हातात वजन लागतं, टेबलावर ढीग केला तर घसरत नाहीत, रंग लांबनं पण ओळखू येतात. डीलरचं बटण (वाटणाऱ्यापुढं ठेवायची चकती) मोठं आहे, कोण वाटतोय त्यावर वाद होत नाही. पेटीची कडी जरा ढिली आहे, चालतंय.

आता पत्ते. दोन कॅट येतात, कागदावर प्लास्टिकचा थर दिलेले. कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की हवेनं पानं फुगतात आणि पिसताना एकमेकाला चिकटतात. पण ते एकवेळ सोडा, खरी अडचण अशी की कोपऱ्यातले आकडे बारके आणि बदाम-चौकट एकाच लाल रंगात इतके सारखे छापलेत की हातात धरून दिसतं, टेबलाच्या पलीकडनं नाही. आणि पोकरमध्ये शेवटी टेबलावरच तर सगळं ठरतं!

परवा झालं काय, बोर्डवर (म्हंजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पाच पानं, हातात प्रत्येकाची दोन) बदाम राजा, बदाम नव्वी, किल्वर नव्वी, बदाम चौका आणि इस्पीक दुर्री. दाजींनी बेट केला (चिप्स लावल्या), चुलतभावानं कॉल केला (तेवढ्याच घातल्या), दाजी जोरात म्हणाले "फ्लश!", म्हंजे एकाच चिन्हाची पाच पानं. भावाकडं चौकट राजा होता, म्हंजे राजा आणि नव्वीच्या दोन जोड्या, पण फ्लश ऐकल्यावर त्यानं पानं उलटीच टाकून दिलेल्या गड्डीत सारली. मग दाजींनी उघडलं तर बदाम गुलाम आणि सत्ती... चौकटची. चारच बदाम! दाजी मुद्दाम खोटं बोलले नव्हते, त्यांना ती सत्ती बदामच वाटली होती. पण भावाची पानं गड्डीत गेलेली, तो हात मेला (बाद झाला), पॉट (मधे जमलेल्या चिप्स) दाजींचा. नुसत्या नव्वीच्या जोडीवर. भाऊ रात्री जेवताना पण बोलला नाही.

म्हणून सांगतो, समोरचा तोंडानं काय म्हणतो त्याला शोडाउनला काडीची किंमत नाही, उघडी पडलेली पानं बोलतात. समोरच्याची दोन्ही पानं टेबलावर सरळ दिसेपर्यंत आपली सोडायची नाहीत, आणि जिंकलो असं वाटलं तर पॉट आपल्याकडं सरकेपर्यंत पण नाहीत. दोन्ही पानं उघडून ठेवली की आपल्याला वाचता आलं नाही तरी वाटणारा वाचतो, चुकीचं वाचलं जात असेल तर बसलेल्या कुणीही बोलावं. आणि जाणूनबुजून चुकीचा हात सांगणं हे तर लबाडीतच धरतात.

आता बुकलेट. आठ पानी आहे, त्यात ब्लाइंड काय, फ्लॉप काय, कुठला हात मोठा सगळं आहे, आणि शोडाउनला एकच ओळ, "सर्वोत्तम हात जिंकतो". अहो पण आधी कोण उघडणार? आमच्यात दर डावाला "तू दाखव, आधी तू दाखव" चालायचं. नियम साधा आहे, शेवटच्या फेरीत ज्यानं शेवटचा बेट किंवा रेज (बेट वाढवणं) केला तो पहिला दाखवतो, कुणीच बेट केला नसेल तर बटणाच्या डावीकडनं जो पहिला डावात आहे तो, मग तसंच पुढं. ज्यानं कॉल केलाय त्यानं चिप्स घातल्यात ते बघायलाच, त्यामुळं आपली पानं हातात असतील तर बेट करणाऱ्याचं बघायचा त्याला हक्क आहे. बोर्डवरचीच पाच पानं खेळत असलात तरी आपली दोन्ही उघडावी लागतात, नाहीतर वाटा नाही. शेजाऱ्याला एक दाखवलं तर सगळ्यांना दाखवायचं. टूर्नामेंटमध्ये ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) झालं आणि पुढं बेटिंग उरलं नाही की सगळ्यांची पानं लगेच उघडी करतात. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन म्हणून संस्था आहे, २००१ ला सुरू झालेली, तिच्या नियमावलीत हे सगळं आहे. अर्ध्या पानाचं काम होतं, छापायला काय हरकत होती.

तीन पत्तीची सवय असणाऱ्यांना तर हे पान हवंच होतं. तिथं सीक्वेन्स रंगाच्या वर, इथं फ्लश स्ट्रेटच्या (ओळीनं पाच पानं) वर. तिथं शो मागायला पैसे टाकावे लागतात आणि बरोबरी झाली तर मागणारा हरतो, इथं पॉट वाटून घेतात, इस्पीक मोठं का बदाम मोठं असलं काही नसतं. वाटताना एक चिप जास्त उरली तर ती बटणाच्या डावीकडच्या पहिल्या जिंकणाऱ्याला.

एक गोष्ट नियमात बसत नाही पण मला सगळ्यात जास्त खटकते. आपलाच हात मोठा आहे हे पक्कं माहिती असताना समोरच्याला दाखवू द्यायचं, त्याला खूश होऊ द्यायचं आणि मग सावकाश एकेक पान उघडायचं. घरच्या माणसांत तरी हे करू नये, लय वाईट वाटतं समोरच्याला.

तर सेट घ्यावा का, चिप्ससाठी नक्की घ्या, या पैशात बरा आहे. त्यातले कॅट पोरांना भिकार-सावकार खेळायला द्या आणि स्वतःला पूर्ण प्लास्टिकचा, मोठ्या आकड्यांचा कॅट वेगळा घ्या, जमलं तर चार रंगांचा. त्यात बहुतेक वेळा चौकट निळं आणि किल्वर हिरवं असतं, बदाम लाल, इस्पीक काळं. दुकानदार काकांना विचारलं तर शिल्लक नव्हता, पण मागवून देतो म्हणाले आणि ॲडव्हान्स पण मागितला नाही.