फिबिसची मोफत सूची: वडील सापडतात, आईला शोधावे लागते

ब्रिटिश घराण्याच्या वंशावळीत भारतीय रक्त असावे अशी शंका आलेल्यांना मी प्रथम ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ म्हणजेच फिबिस या संस्थेची सूची पाहायला सांगतो. १९९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या स्वयंसेवकांनी बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या असंख्य नोंदी उतरवून काढल्या असून त्या विनामूल्य शोधता येतात.

लीड्समधील माझ्या शेजारीणबाईंच्या घरी एक पूर्वज स्त्री ‘पोर्तुगीज’ असल्याचे सांगितले जाई. सावळ्या रंगाचा हा खुलासा अनेक ब्रिटिश घरांत ऐकू येतो. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये भारतीय मातांच्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी अधिकारपदांची दारे बंद केल्यावर अशी लपवालपवी स्वाभाविकच होती. सूचीत आम्हाला मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा मिळाला: मुलीचे नाव, वडिलांचे नाव, पलटण, आईच्या नावाचा मात्र पत्ता नव्हता. हा दोष सूचीचा नव्हे, चर्चच्या मूळ वहीचाच. उलट आईचे नाव ‘मेरी’ असे आढळले, तरी ती भारतीय नव्हती असे समजू नये, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलले जाई.

संस्थेचा ‘फिबीविकी’ हा मोफत ज्ञानकोश मला सूचीहूनही मोलाचा वाटतो. पलटणी, छावण्या आणि गावांची जुनी इंग्रजी रूपे तेथे उलगडतात. ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, हे मराठी माणसाला क्षणात कळते; इंग्रज वाचकाला हा आधार लागतोच.

डीएनए चाचणीवर आधी पैसे घालवू नयेत. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी एक टक्क्याहूनही कमी उरतो. ब्रिटिश राजपुत्र प्रिन्स विल्यम यांचे सुरतेच्या एलायझा केवार्क या पूर्वज स्त्रीशी नाते २०१३ मध्ये डीएनएच्या आधारे जाहीर झाले, ते केवळ आईकडूनच मिळणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मुलीकडे अखंड उतरत आल्यामुळे. मध्ये एक जरी पुरुष आला असता तरी तो धागा तुटला असता.

सूची केवळ दार उघडून देते. मूळ वह्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, मुंबई इलाख्याच्या नोंदी १७०९ पासूनच्या, आणि त्यांची छायाचित्रे ‘फाइंडमायपास्ट’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. मृत्युपत्रे अवश्य वाचावीत. आमच्या शोधात वडिलांच्या मृत्युपत्रात मुलीच्या आईला दरमहा काही रुपये ठेवलेले निघाले. शेजारीणबाई तिचे नाव ‘गुंगाबॉय’ असे वाचत होत्या. मी ‘गंगाबाई’ म्हटले, तेव्हा त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि वंशावळीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिले.