91 नंबरची जर्सी: शिवण उत्तम, सोबतच्या कार्डात मात्र चूक

कॅनडातल्या एडमंटनच्या मिलवुड्स भागात राहायला आल्यापासून लेकीला जॅकी पार्कर पार्कात खेळायला नेते. हा पार्कर म्हणजे एडमंटनच्या संघाचा जुना खेळाडू, खेळ कॅनडियन फुटबॉल, ज्यात चेंडू हातात घेऊन पळतात; हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. 1954 मध्ये ते आठ वर्षांचे होते आणि ग्रे कपची, म्हणजे या खेळाच्या कॅनडातल्या अजिंक्यपदाची फायनल रेडिओला कान लावून ऐकत होते. त्यांच्या वाढदिवसासाठी मी एका ऑनलाइन दुकानातून एडमंटनची, पार्करच्या नंबरची ही हिरवी-सोनेरी जर्सी मागवली. 140 डॉलर पडले.

कापड जाडसर आहे, शर्टावरून आरामात चढतं. पाठीवरचा 91 छापलेला नाही, वेगळ्या कापडाचा कापून शिवलाय. जर्सी उलटी करून पाहिली तर टाके अगदी दाट, 9 च्या वळणावरसुद्धा कुठे चुणी नाही. आजोबांनी चार महिन्यांत कितीदा तरी धुतली, रंग तसाच आहे. बाह्या मात्र आखूड आहेत. एक माप मोठंच घ्या.

माझी तक्रार सोबतच्या कार्डाबद्दल आहे. 1957, 1958 आणि 1960 चे सर्वोत्कृष्ट खेळाडूचे किताब त्यात बरोबर दिलेत, पण पार्करला नुसतं ‘क्वार्टरबॅक’ (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) म्हटलंय. तो क्वार्टरबॅक होताच, पण 1954 मध्ये खेळला तो हाफबॅक (चेंडू घेऊन पळणारा) म्हणून. आणि ज्या धावेमुळे त्याचं नाव झालं, ती तर बचावात खेळताना काढलेली! त्या काळी तेच गडी हल्ल्यात आणि बचावात, दोन्हीकडे खेळत. टोरंटोचं व्हर्सिटी स्टेडियम, शेवटची काही मिनिटं, मॉन्ट्रियल 25-20 ने पुढे आणि आमच्या गोलरेषेजवळ आलेलं. मॉन्ट्रियलच्या चक हन्सिंगरच्या हातून चेंडू सुटला, पार्करने उचलला आणि 90 यार्ड पळत सुटला. तेव्हा टचडाऊनचे (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) पाचच गुण मिळत, म्हणून बरोबरी झाली. मग आमच्या बॉब डीनच्या एका गुणाच्या किकने 26-25.

आजोबांनी पुढे पार्करला एडमंटनच्या क्लार्क स्टेडियममध्ये डोळ्यांनी पाहिलं. ‘स्पॅगेटी लेग्ज’ म्हणायचे त्याला. पळताना पाय शेवयांसारखे सैल दिसायचे म्हणे.

जर्सी हातात आल्यावर त्यांनी आधी 91 वरून बोट फिरवलं. मग कार्ड वाचलं, पेन मागितलं आणि ‘क्वार्टरबॅक’च्या आधी ‘हाफबॅक’ लिहिलं. दुकानाला मी त्या कार्डाचा फोटो पाठवलाय.